घरोघरी सौरऊर्जा आणि बायोगॅस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतल्या कुटुंबांना अपारंपरिक ऊर्जेकडे वळवण्याचं काम करणारे कार्यकर्ते, बचत गट, तंत्रज्ञ आणि स्वतः घर चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. वीज अजिबात नसलेली किंवा भरवशाची वीज नसलेली घरं डोळ्यांपुढे ठेवली आहेत. २०२२ मध्ये जगात सुमारे ६८ कोटी ५० लाख लोक विजेविना राहत होते. चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्यांची संख्या तर २०० कोटींच्या वर आहे.

लोकांना पटवायची सुरुवात कुठून करायची?

पॅनेलपासून तर नाहीच. आधी वही घेऊन घरात बसा. अंधार पडल्यावर कोणत्या खोलीत, किती वेळ, कशाचा उजेड लागतो? रॉकेल, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल आणि दुकानात मोबाइल चार्ज करून घेण्यावर महिन्याला किती जातात? हे पैसे थोडे थोडे जात असल्याने बहुतेक घरांना एकूण आकडा ठाऊक नसतो. तो त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच वहीत उतरला की पुढचं बोलणं सोपं होतं. हप्ता किती परवडेल याचा अंदाजही तिथेच मिळतो.

घरातल्या बाईशी वेगळं बोला. दिवा कुठे हवा या प्रश्नाला पुरुष बाहेरची खोली सांगतात. बाई चुलीजवळची जागा सांगते, किंवा गोठा, किंवा मागचं दार. तीन दिव्यांपैकी एकही स्वयंपाकाच्या जागी नसेल तर रॉकेलची चिमणी तशीच जळत राहते आणि वाचायचे ते पैसे वाचत नाहीत.

एका घराला किती वॉटचं पॅनेल लागतं?

हिशेब वॉट-तासांत करायचा, म्हणजे उपकरणाचे वॉट गुणिले ते चालण्याचे तास. ५ वॉटचे ३ एलईडी दिवे ५ तास लावले तर ७५ वॉट-तास होतात. आजकालच्या मोबाइलची बॅटरी साधारण १८ ते १९ वॉट-तासांची असते. चार्ज होताना जाणारं धरून २५ समजा, म्हणजे दोन मोबाइलचे ५०. एकूण झाले १२५.

आता या आकड्याला दोन गोष्टींनी भागायचं. पहिली म्हणजे पूर्ण उन्हाचे तास. दिवस बारा तासांचा असला तरी पॅनेलला भरपूर ऊन म्हणून मोजता येतील असे तास बऱ्याच ठिकाणी ४ ते ५ असतात. सरासरी नको, वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याचा आकडा घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे गळती. तापलेलं पॅनेल, धूळ, वायर आणि बॅटरी या वाटेत बरीच वीज जाते, म्हणून ०.६५ धरा. साडेचार तास धरले तर १२५ ÷ (४.५ × ०.६५) = सुमारे ४३. म्हणजे ५० वॉटचं पॅनेल पुरेल.

पंखा आला की चित्र बदलतं. २५ वॉटचा डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा ८ तास चालला तर एकट्याचे २०० वॉट-तास होतात. एकूण ३२५, म्हणजे पॅनेल १११ वॉटच्या पुढचं, बाजारातल्या मापात १२० किंवा १२५. त्यामुळे पंखा हवा का, हे पहिल्या भेटीतच विचारा. नंतर जोडलेला पंखा अख्ख्या योजनेची वाट लावतो.

बॅटरी किती मोठी घ्यायची?

दोन दिवस ऊन पडलं नाही तरी चालावं, एवढी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये. त्यामुळे १२५ वॉट-तासांच्या घरासाठी १२ व्होल्टची बॅटरी धरली तर २५० ÷ (१२ × ०.५) म्हणजे सुमारे ४० एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लागते आणि पंख्याच्या घरासाठी ११० एएचच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून तीच कामं २५ आणि ६५ एएचमध्ये होतात. लिथियम सुरुवातीला महाग पडते, पण कितीतरी जास्त वर्षं टिकते आणि पाणी घालायची कटकट नाही. हप्त्याची सोय असेल तर आमचा कौल लिथियमला. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीच्या जागी घराच्या आतच ठेवावी.

गाडीची बॅटरी नको. ती क्षणभर जोरदार करंट देण्यासाठी बनवलेली असते आणि तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज रात्री रिकामी झाली की काही महिन्यांतच बसते. आणखी एक चूक हौसेने होते. पॅनेल तेच ठेवून बॅटरी मोठी आणली जाते. ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि मोठी बॅटरी छोटीच्या आधी मरते.

पॅनेल कुठे आणि कसं बसवायचं?

विषुववृत्ताच्या उत्तरेला तोंड दक्षिणेकडे, दक्षिणेला उत्तरेकडे. कल साधारण त्या जागेच्या अक्षांशाइतका, पण अक्षांश कितीही कमी असला तरी १० अंशांपेक्षा कमी नको. त्याहून सपाट पॅनेलवर पावसाचं पाणी साचतं आणि वाळलं की खालच्या कडेला मातीचा पट्टा राहतो.

सावलीच्या बाबतीत दयामाया नाही. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी निम्मं पॅनेल बसू शकतं. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता उभं राहून जागा बघा. झाड वाढणार आहे हेही लक्षात असू द्या. पत्रा आणि पॅनेल यांत हातभर नाही तरी १० सेंटीमीटर फट ठेवा, वारा खेळला पाहिजे. उन्हात सेलचं तापमान ६० अंशांवर गेलं की वीज १२ ते १४ टक्के घटते.

सगळं नवीन आहे, तरी बॅटरी पूर्ण भरत नाही. कारण काय?

बहुतेक वेळा वायर. हा दोष इतका सर्रास आढळतो आणि इतका उशिरा सापडतो की जरा सविस्तर सांगतो.

१२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं १२० वॉटचं पॅनेल साधारण १८ व्होल्टला ६.७ अँपिअर देतं. हा आकडा २५ अंश तापमानाचा. सेल ६० अंशांना तापला की १८ चे साडेपंधरा व्होल्ट होतात. आता छपरापासून कंट्रोलरपर्यंत (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा) १० मीटर वायर आहे असं समजा. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी २० मीटर. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल तर तिच्यातच सुमारे १.६ व्होल्ट पडतात. कंट्रोलरला उरले १३.९. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नीट भरायला १४.४ च्या आसपास लागतात. म्हणजे ऐन दुपारी, जेव्हा सर्वांत जास्त वीज मिळायला हवी, तेव्हाच दाब अपुरा पडतो. शेवटचा भरणा रेंगाळतो आणि तोवर ऊन उतरतं. वायर ४ स्क्वेअर एमएमची केली की वायरीतली घट ०.६ व्होल्टवर येते, कंट्रोलरला १४.९ मिळतात आणि प्रश्न सुटतो. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीला जोडणारा प्रकार) असलेल्या घरांत हे हमखास तपासा.

बिल कमी दिसावं म्हणून वायरीत काटकसर करणारा पुरवठादार बॅटरी बदलायला दीड वर्षाने स्वतः येत नाही. कोटेशनमध्ये वायरीची जाडी आणि लांबी लिहून मागा. सांधे पिळून टेप गुंडाळलेले नकोत. लग्ज (वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) दाबून बसवलेल्या हव्यात.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे का?

हो. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना उलट. बॅटरी नसताना पॅनेल जोडलं तर कंट्रोलरला १२ व्होल्टची व्यवस्था आहे की २४ ची हे ओळखता येत नाही आणि काही मॉडेल जळतात. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ, वीतभर अंतरात, फ्यूज हवाच. घरगुती मापाला १५ ते २० अँपिअरचा पुरतो. फ्यूज कंट्रोलरजवळ लावला तर मधली वायर उघडीच राहते आणि आग लागते ती तिथेच.

इन्व्हर्टर घेऊन नेहमीचीच उपकरणं वापरली तर?

छोट्या व्यवस्थेत टाळा. लहान इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी ८ ते १० वॉट खातो. चोवीस तासांचे झाले २०० वॉट-तास, म्हणजे रात्रभर चाललेल्या पंख्याइतके. दिवे, पंखा, रेडिओ, लहान टीव्ही हे सगळं डीसीमध्ये मिळतं.

पावसाळी हवेत चालेल का?

चालेल, पण कमी. दाट ढगांत पॅनेल उन्हातल्या वीजनिर्मितीच्या १० ते २५ टक्केच देतं. हे विक्रीच्या वेळीच सांगा आणि प्रात्यक्षिकही वाईट हवेच्या महिन्यात करा. लख्ख उन्हात दाखवलेला पंखा पुढे ढगाळ आठवड्यात बंद पडला की ते घर शेजारच्या दहा घरांना नको म्हणून सांगतं. त्यापेक्षा क्रम ठरवून द्या: ढगाळ हवेत आधी पंखा बंद, मग बाहेरचा दिवा. स्वयंपाकाचा दिवा आणि मोबाइल शेवटपर्यंत.

वर्षभराने दिवे लवकर विझू लागले. आधी काय बघायचं?

पॅनेल पुसा आणि नवी सावली आली का बघा. मग बॅटरीची टोकं. पांढरा-हिरवा थर दिसला तर सगळं सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पुसा, वाळवून घट्ट आवळा आणि वर थोडं व्हॅसलिन लावा. पाण्याच्या बॅटरीत प्लेटा बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं, नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी नको आणि अ‍ॅसिड तर नकोच नको.

त्यानंतर मीटर. पहाटे पॅनेल आणि दिवे दोन्ही सोडवून तासाभराने बॅटरीचे व्होल्ट मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे तिच्यावर अत्याचार चालू आहे. संध्याकाळी १२.७ आणि दोन दिवे लावताच तासाभरात ११.८ होत असतील तर बॅटरी संपली.

सर्वांत मोठं कारण मात्र घरातच सापडतं. कंट्रोलर रात्री लाल दिवा लावून वीज तोडतो, मग कुणीतरी हुशार माणूस दोन वायरी थेट बॅटरीला लावतो. दिवा लागतो, कौतुक होतं आणि बॅटरीचं आयुष्य वर्षांवरून महिन्यांवर येतं. कंट्रोलर वीज तोडतो तो बिघाड नव्हे, बॅटरी वाचवणं आहे, हे बसवतानाच मुद्दाम वीज तुटू देऊन दाखवा.

सौर विजेवर स्वयंपाक होईल का?

वर सांगितलेल्या मापांवर नाही. इंडक्शन शेगडी दीड-दोन हजार वॉट ओढते. तासभर चालली तर दीड हजार वॉट-तासांहून जास्त, म्हणजे तीन दिवे आणि दोन मोबाइलच्या घराची बारा दिवसांची वीज. पेटीसारखा सौर चूल्हा विजेविना शिजवतो, पण त्याला दोन-तीन तास आणि भर दुपारचं ऊन लागतं. सकाळी लवकर आणि अंधार पडल्यावर शिजवणाऱ्या घरात तो महिन्याभरात माळ्यावर जातो. सौर चूल्हा खपवण्याच्या योजना बहुतांशी इथेच फसतात. स्वयंपाकासाठी जनावरं असतील तर बायोगॅस, नसतील तर धुराडं असलेली सुधारित चूल. त्या चुलीत ओलं सरपण घातलं तर सुधारणा शून्य. जळण दोन-तीन महिने छपराखाली वाळलेलं हवं.

बायोगॅस कोणत्या घराला झेपतो?

२ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. किलोभर शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. माणशी दिवसाला पाव घनमीटर धरला तर आठ माणसांचा स्वयंपाक होतो. रात्री गोठ्यात बांधलेल्या मोठ्या जनावराचं हाती लागणारं शेण रोज १० किलोच्या आसपास असतं. दिवसभर चरायला जाणाऱ्या जनावराचं बरंचसं रानात पडतं, म्हणून जनावरं मोजू नका, आठवडाभर शेण वजन करून मोजा. शेण आहे पण पाणी मैलभरावरून आणावं लागतं, अशा घराला आग्रह करू नका. पाणी कोण आणणार आहे हे आपल्याला माहीत असतं.

टाकी मोठी कशाला, असं विचारतात. शेणकाला (शेण आणि पाण्याचं मिश्रण) आत ४० दिवस राहायला हवा. रोज १०० लिटर म्हणजे ४ घनमीटर फक्त काल्याला, वर गॅसची जागा वेगळी. खर्च वाचवायला टाकी लहान केली तर न कुजलेला काला बाहेर पडतो.

टाकी भरली, पण गॅस जळत नाही.

पहिल्या भरणीनंतर जळण्याजोगा गॅस यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला येतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. तो उघड्यावर सोडून द्या, जवळ काडी ओढू नका. चालू संयंत्रातला काला दोन-चार पिंपं आणून घातला तर हा काळ कमी होतो.

नंतर बिघडलं तर लक्षणं वाचा. ज्योत फडफडते किंवा थांबून थांबून येते: पाइपात पाणी साचलंय, सर्वांत खालच्या जागचा सापळा उघडून काढा. ज्योत पिवळी, भांडं काळं: शेगडीची हवा कमी पडतेय. दाब हळूहळू उतरतो: प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा, बुडबुडा दिसेल. सांधे ठीक आणि तरी दाब उतरतो: घुमटाच्या आतल्या प्लॅस्टरला तडा असण्याची शक्यता. गॅस अचानक घटला: गोठा फिनाइलने धुतला का, जनावराला प्रतिजैविकं दिली का, ते विचारा. दोन्हींनी टाकीतले जिवाणू मरतात. थंडीत १५ अंशांखाली गॅस फार कमी होतो, तो दोष नव्हे.

टाकीत उतरायचं नाही. रिकामी दिसली तरी नाही. आत ऑक्सिजन नसतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही मरतो.

बायोगॅस असूनही घरात चूल का पेटते?

कारण चूल नुसती शिजवत नाही. ती अंघोळीचं पाणी तापवते, थंडीत ऊब देते, मोठं भांडं सांभाळते. एकाच शेगडीवर दोन भांडी एकदम चढत नाहीत, हेही आहेच. दोन शेगड्या द्या आणि पाणी तापवायचा वेगळा मार्ग बघा. चूल पूर्ण बंद होईल असं ठरवून आकडे लिहू नका. किती वेळा पेटते ते मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यामुळे आठवड्यातून दोनदा पेटणारी चूल आणि दिवसातून तीनदा पेटणारी चूल यांतला फरक क्षुल्लक नाही.

फुकट वाटावं की पैसे घ्यावेत?

पैसे घ्यावेत, झेपतील तेवढे. फुकट आलेल्या वस्तूचा बिघाड कुणाचा, हे ठरलेलं नसतं आणि शेजारच्या गावात फुकट वाटप सुरू झालं की तुमचे हप्ते थांबतात. अनुदान द्यायचंच तर ते विक्रीला न देता चालू राहण्याला द्या. नेपाळमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या बायोगॅस कार्यक्रमात अनुदान दर्जाच्या तपासणीला आणि बांधणीनंतरच्या सेवेला बांधलेलं होतं. तीच त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

हप्ता रॉकेलच्या खर्चाहून थोडा कमी ठेवा आणि उत्पन्नाच्या हंगामाशी जुळवा. पीक निघाल्यावर मोठा, मधल्या महिन्यांत नाममात्र. जितके दिवस वापराल तितक्या दिवसांचे पैसे भरा, या पद्धतीत पैसे थांबले की यंत्र दुरून बंद होतं. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा २००७ मध्ये आली आणि रुळली, म्हणून ही पद्धत तिथे जोमाने पसरली. तशी सोय नसेल तर बचत गटामार्फत वसुली बरी. मात्र यंत्र नादुरुस्त असताना हप्ता मागू नये, हे करारात लिहा.

दुरुस्ती कोणी करायची?

चालत पोचता येईल अशा माणसाने. शंभर घरांमागे एक प्रशिक्षित माणूस किंवा बाई हवी. स्थलांतराने शहरात जाणारा तरुण निवडण्यापेक्षा गावात राहणारी विवाहित बाई निवडणं अनेक ठिकाणी शहाणपणाचं ठरतं. हत्यारं थोडी: मल्टिमीटर, लग्ज दाबायची पक्कड, वायर सोलणी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, बॅटरीचं पाणी तपासायचा हायड्रोमीटर, रबरी हातमोजे, चष्मा. सुट्या भागांत ५ कंट्रोलर, २० दिवे, १० स्विच, ३० फ्यूज, वायरीचं एक बंडल आणि ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर एवढं कपाटात असलं तर बहुतेक तक्रारी त्याच दिवशी मिटतात. तिला पगार कुठून, हे यंत्र बसवण्याआधी ठरलं पाहिजे. हप्त्यातला ठरावीक भाग देखभाल निधीत टाकणं हा सर्वांत टिकणारा मार्ग.

नकली माल कसा ओळखायचा?

भर उन्हात पॅनेलची टोकं मोकळी ठेवून व्होल्ट मोजा. ३६ सेलच्या पॅनेलला २० ते २२ मिळाले पाहिजेत. पण व्होल्ट नकलीही देतं. खरी परीक्षा अँपिअरची. मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून क्षणभर दोन्ही टोकं जोडा आणि आकडा मागच्या लेबलवरच्या शॉर्ट सर्किट करंटशी ताडा. स्वच्छ दुपारी निम्माच आला तर परत करा. १०० एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ किलोच्या आत भरली तर तिच्यात शिसंच कमी आहे. तयार छोट्या संचांसाठी आयईसी ६२२५७-९-५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीचा दाखला मागा.

पुढे ग्रिडची वीज आली तर सगळं वाया?

नाही, पण लोक हप्ते थांबवतात, हे खरं. बांगलादेशात २००३ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून ४० लाखांहून जास्त घरांवर सौर संच बसले. ग्रिड झपाट्याने पसरू लागल्यावर नव्या जोडण्या घसरल्या. म्हणून वस्तीत खांब कधी येणार आहेत याची चौकशी वीज कंपनीकडे आधीच करा. दोन वर्षांत येणार असतील तर मोठा संच विकू नका, कंदील आणि मोबाइलपुरतं द्या. आलेली वीज दिवसातून सहा-आठ तास जात असेल तर तोच संच राखीव म्हणून कामी येतो. फक्त ग्रिडची आणि सौरची वायर एकाच बोर्डात जोडू नका, १२ व्होल्टच्या दिव्याला २३० मिळाले की त्याचा स्फोट होतो.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

नवी देताना जुनी ताब्यात घ्या आणि तिची किंमत नव्यातून वळती करा. पैसे मिळाले तरच ती घराबाहेर पडते. अंगणात फोडून शिसं वितळवणाऱ्याच्या हाती गेली तर ते विष जमिनीत आणि लहान मुलांच्या रक्तात उतरतं. अ‍ॅसिड ओतून हलकी करून नेऊ नका, उभी ठेवून, टोकांवर टेप लावून न्या. लिथियम वेगळ्या पेटीत ठेवा. फुगलेली असेल तर घरात ठेवू नका.